मुळ्ळिवायक्कालचे रक्त आणि जिनिव्हाची शाई

श्रीलंकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील मुळ्ळिवायक्काल येथे मे २००९ मध्ये हजारो तामिळ नागरिक वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यात कोंडले गेले होते. एकीकडे त्यांनाच ढाल करणारे लिट्टेचे बंदूकधारी, तर दुसरीकडे सरकारनेच घोषित केलेल्या ‘गोळीबारमुक्त क्षेत्रा’त तोफगोळे टाकणारे लष्कर! अखेरच्या टप्प्यात ४० हजारांपर्यंत नागरिक मृत्युमुखी पडले असावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ साली नमूद केले. बहुसंख्य हिंदू असलेला हा समाज. त्याच्यासाठी जगाने काय केले?

कोलंबो सरकारने सांगताच सप्टेंबर २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे कर्मचारी वन्नी प्रदेशातून निघून गेले. रणभूमीवर साक्षीदार उरले नाहीत. सुरक्षा परिषदेने हा विषय औपचारिक कार्यक्रमपत्रिकेवर कधी घेतलाच नाही. एप्रिल २००९ च्या अखेरीस ब्रिटन व फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री कोलंबोला गेले आणि रिक्त हस्ताने परतले. युद्ध संपल्यावर २७ मे रोजी जिनिव्हाच्या मानवाधिकार परिषदेत २९ विरुद्ध १२ मतांनी ठराव संमत झाला. त्यात युद्धसमाप्तीचे स्वागत होते; आंतरराष्ट्रीय चौकशीचा शब्दही नव्हता. आपण अपयशी ठरलो, ही संयुक्त राष्ट्रांची कबुली आली ती २०१२ साली. तोवर मृतांची राख थंड झाली होती.

लिट्टेसाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. राजीव गांधींची १९९१ साली हत्या करणारी, कोवळ्या मुलांच्या हाती बंदुका देणारी ती संघटना होती. परंतु दहशतवाद्यांचा निःपात आणि निरपराधांचा संहार यांत भेद करणे हाच धर्मयुद्धाचा नियम आहे.

त्या दिवशी भारताचे मत चीन आणि पाकिस्तानच्या पंक्तीत पडले, हे अधिक क्लेशदायक. ठरावात तेराव्या घटनादुरुस्तीचे आश्वासन होते, असे समर्थन केले जाते. ही दुरुस्ती १९८७ च्या भारत-श्रीलंका कराराचे फलित. त्या कराराच्या रक्षणार्थ गेलेल्या शांतिसेनेतील हजाराहून अधिक भारतीय जवानांनी प्राण वेचले. मग त्या आश्वासनाचे काय झाले? उत्तर प्रांतिक परिषदेची पहिली निवडणूक २०१३ साली झाली; तिची मुदत २०१८ साली संपली आणि पुढे वर्षानुवर्षे मतपेटी उघडलीच नाही.

दिल्लीने २०१२ व २०१३ साली श्रीलंकेविरुद्ध मत दिले, २०१४ साली तटस्थता पत्करली. उत्तर व पूर्व श्रीलंकेतील विस्थापितांसाठी भारताने हजारो घरे बांधली, हे निश्चितच स्पृहणीय. परंतु घराला छप्पर देणाऱ्याने त्यात राहणाऱ्याच्या हक्काविषयी मौन पाळावे काय?

महासत्तांची सदसद्विवेकबुद्धी हितसंबंधांच्या तागडीत तोलली जाते, हा मुळ्ळिवायक्कालचा धडा. त्यांच्याकडून न्यायाची भीक मागण्यात अर्थ नाही. भारताने मात्र आपल्या जवानांच्या रक्ताने राखलेल्या कराराचा शब्द मागितलाच पाहिजे. जो स्वतःच्या स्वाक्षरीचा मान राखत नाही, त्याच्या शब्दाला जगाच्या दरबारात कोण विचारतो?