विश्लेषण : सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचे घोडे कुठे पेंड खाते?

मे महिन्यात गावोगावी बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिके होतात. घमेल्यात बियाणे, त्यावर औषध, भोवती शेतकरी आणि मोबाइलवर छायाचित्र. जूनमध्ये पाऊस पडतो, पेरणीची एकच झुंबड उडते आणि अनेक शिवारांत पिशवी फोडून बियाणे थेट पेरणी यंत्रात जाते. ‘शेतकऱ्यांना महत्त्वच पटत नाही’ असे मग सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. बीजप्रक्रिया पेरणीच्या दिवसावर ढकलली गेली आहे आणि नेमका तोच दिवस शेतकऱ्याच्या हातात नसतो. ट्रॅक्टर भाड्याचा, मजूर मिळेनात आणि डोक्यावर ढग.

बीजप्रक्रियेने काय साधते?

बियाण्यावर आणि जमिनीत रोगकारक बुरशी असते. ओल मिळताच ती जागी होते. दाणा उगवण्याआधीच कुजतो किंवा कोवळे रोप मूळकूज, खोडकूज होऊन कोलमडते. कार्बोक्झिन व थायरम हे मिश्र बुरशीनाशक किलोला ३ ग्रॅम चोळले, तर सुरुवातीच्या नाजूक दिवसांत रोपाला संरक्षण मिळते. खोडमाशीचा त्रास असलेल्या भागात त्यानंतर थायामेथोक्झाम ३० टक्के एफएस किलोला १० मिलि लावतात. सर्वांत शेवटी रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, प्रत्येकी २५० ग्रॅम १० किलो बियाण्याला.

हा क्रम चुकवून चालत नाही. रायझोबियम जिवंत असते. ते आधी लावून वर रसायन ओतले, तर मुळांवर गाठी धरणारे जिवाणूच मरतात. ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी आहे. ती वापरायची असेल, तर रासायनिक बुरशीनाशक टाळावे. सोयाबीनची साल फार पातळ असते. गव्हासारखे खसाखसा चोळले किंवा पाणी जास्त झाले, की साल सुटते आणि वाचवायला निघालेला दाणाच जातो.

मेलेले बी जिवंत होते का?

नाही, आणि प्रचारात नेमके हेच झाकोळते. २०२०च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा राज्यात पाऊस पडला होता. काढणीच्या वेळी भिजलेला, मळणी यंत्रात मार खाल्लेला दाणा कोणत्याही औषधाने उगवत नाही. म्हणून आधी उगवण चाचणी. ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून सावलीत ठेवायचे आणि आठवडाभरात कोंब मोजायचे. ७० वा अधिक उगवले, तर एकरी ३० किलो पुरते. ६० उगवले, तर ३५ किलो लागेल. त्याहून फार कमी असेल, तर ते बियाणे बाजारात विकलेले बरे. खर्च शून्य, तरी हे काम मागे पडते.

मग अडते कुठे?

रसायनाचा टप्पा पेरणीच्या काही दिवस आधी उरकता येतो, त्या सकाळी फक्त जिवाणू लावून सावलीत सुकवायचे. पण शेतकरी कचरतो, कारण पाऊस लांबला किंवा पीक बदलावे लागले, तर औषध लावलेले सोयाबीन ना बाजारात विकता येते, ना जनावरांना घालता येते. साधे बियाणे निदान मोंढ्यात जाते. ही जोखीम खरी आहे, ‘जागृती’ने ती सरत नाही. त्यावर उपाय म्हणजे गावात बीजप्रक्रियेचा ड्रम हवा. शेतकरी गट किंवा बचत गटाकडे तो असला, तर ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर लागेल तेवढेच बियाणे तासाभरात तयार होईल. प्रात्यक्षिकांवरचा थोडा पैसा तिकडे वळवायला हरकत नसावी.

ड्रम नसला, तर हे काम बहुधा घरातल्या बायकांवर पडते, तेही उघड्या हातांनी. हातमोज्यांचा उल्लेख औषधाच्या पुड्यावर बारीक अक्षरांत असतो, दुकानदार मात्र पुडा देतो, मोजे देत नाही. विकतच्या पिशवीवरील लेबलही आधी वाचायला हवे. बियाण्याला कंपनीने रसायन लावलेले असेल, तर पुन्हा तेच लावण्यात पैसे जातात. तिथे फक्त जिवाणूंचा शेवटचा टप्पा उरतो.