चैन हवी, पण हिशेबाची!

दिवाळी जवळ आली किंवा मुलांच्या वार्षिक परीक्षा संपत आल्या, की वर्तमानपत्रांत सहलींच्या जाहिरातींची पानंच्या पानं झळकू लागतात. निळंशार पाणी, पाण्यात खांबांवर उभी असलेली लाकडी घरं आणि खाली ठसठशीत आकडा, ‘फक्त ४९,९९९!’ त्या आकड्याच्या डोक्यावर एक छोटीशी चांदणी असते. तिचा अर्थ पानाच्या तळाशी, भिंग घेऊन वाचावा लागेल इतक्या बारीक अक्षरांत दिलेला असतो. आपल्यापैकी किती जणी तो वाचतात?

हा प्रश्न मला पडतो तो बचत गटांच्या कामामुळे. पूर्वी गटातून कर्ज मागितलं जायचं ते आजारपणासाठी, मुलांच्या फीसाठी, गळक्या छपरासाठी. आता त्यात सहलीचीही भर पडली आहे. यात वावगं काही नाही. वर्षभर सगळ्यांच्या डब्यांची काळजी वाहणाऱ्या बाईला चार दिवस आयतं ताट मिळालं, तर ते हवंच आहे. पण चार दिवसांच्या सहलीचे हप्ते दीड वर्ष चालतात, तेव्हा काटकसर कुठून सुरू होते? तिच्या औषधांपासून, तिच्या साडीपासून. गटातल्या एका मैत्रिणीच्या घरी ‘सगळं धरून’ म्हणून ठरलेल्या सहलीत बोटीचं भाडं वेगळं निघालं, कर वेगळे निघाले आणि ३१ डिसेंबरचं सक्तीचं जेवणही वेगळं निघालं. मोडलं ते तिचं रिकरिंग. कंपनी म्हणाली, ‘मॅडम, खाली लिहिलं होतं.’ आणि खरंच लिहिलं होतं!

म्हणून चैनीच्या सहलीचा हिशेब एकदा नीट उलगडून बघू या. उदाहरण घेऊ मालदीवचं, कारण आपल्याकडे ‘श्रीमंती सुट्टी’ म्हटलं की आजकाल तेच डोळ्यांसमोर येतं.

२०२४ च्या जानेवारीत पंतप्रधान लक्षद्वीपला गेले. त्यानंतर मालदीवच्या काही उपमंत्र्यांनी अनुदार शेरे मारले आणि आपल्याकडे ‘मालदीव नको, लक्षद्वीपला चला’ अशी लाट उसळली. २०२३ मध्ये २ लाखांहून जास्त भारतीय मालदीवला गेले होते. २०२४ मध्ये हा आकडा सुमारे १ लाख ३० हजारांवर आला. राग समजण्यासारखा होता. पण लक्षद्वीपला जायला प्रवेशाचा परवाना लागतो, विमान उतरतं ते एकट्या अगत्ती बेटावर आणि राहायच्या खोल्या मोजक्याच. घोषणा देणं सोपं, चौघांचं कुटुंब तिथे नेणं अवघड. ठिकाण रागाच्या भरात ठरवलं काय किंवा शेजारणीचे फोटो बघून ठरवलं काय, दोन्ही वेळा आपल्या पाकिटाचा विचार शेवटीच होतो.

आता मालदीव महाग का, ते पाहू. तिथे पर्यटन सुरू झालं १९७२ मध्ये. धोरण असं की निर्मनुष्य बेट घ्यायचं आणि त्यावर एकच रिसॉर्ट बांधायचं. बेटावर दुसरं दुकान नाही, दुसरी खानावळ नाही. पाण्याच्या बाटलीपासून बोटीपर्यंत सगळं त्यांच्याकडूनच घ्यायचं, म्हणजे भावही ते सांगतील तोच. शिवाय दूरच्या रिसॉर्टवर जायला सीप्लेन लागतं. त्याचं जाऊन-येऊन भाडं माणशी ४०० ते ६०० डॉलर. म्हणजे चौघांचे दोन हजार डॉलर फक्त विमानतळ ते खोली एवढ्या प्रवासाचे! ही सीप्लेन्स दिवसाउजेडीच उडतात. तुमचं विमान संध्याकाळी उतरलं, तर एका रात्रीचं हॉटेल आणखी वाढलं.

पण समुद्र काही रिसॉर्टने विकत घेतलेला नाही. २००९ नंतर तिथल्या सरकारने वस्तीच्या बेटांवरही गेस्टहाउस उघडायला परवानगी दिली. माले शहराजवळचं माफुशी हे बेट त्यातूनच नावारूपाला आलं. मालेहून स्पीडबोटीने पाऊण तास. सरकारी फेरीबोट त्याहून कितीतरी स्वस्त, दीड तास घेते, पण शुक्रवारी बंद. पाणी तेच, प्रवाळ तेच, रंगीत मासे तेच. खोली मात्र साधी, एसी असलेली, स्वच्छ आणि रिसॉर्टच्या तुलनेत भाडं कितीतरी कमी. पाण्यावरच्या घराची हौस असेल, तर जवळच्या रिसॉर्टचा एक दिवसाचा पास घेऊन तीही भागवता येते.

वस्तीच्या बेटांचे नियम आहेत. दारू मिळत नाही. पोहण्याचे तोकडे कपडे ठराविक किनाऱ्यावरच चालतात. मला विचाराल, तर ही आपल्या सोयीचीच गोष्ट आहे. पंजाबी ड्रेस घालून पाण्यात उतरणारी बाई तिथे वेगळी दिसत नाही, कारण तिथल्या बायका पूर्ण कपड्यांतच पोहतात. शाकाहारी मंडळींनी मात्र आधी विचारून घ्यावं. त्यांचा रोजचा आहार म्हणजे मासे. मेतकूट आणि दशम्या सोबत असलेल्या बऱ्या! आणखी एक. रिसॉर्टमधली नोकरी म्हणजे महिनोन् महिने दुसऱ्या बेटावर राहणं, त्यामुळे तिथल्या बायका त्यात कमीच दिसायच्या. गेस्टहाउसमुळे काम त्यांच्या दाराशी आलं. आपले पैसे कुणाच्या हातात पडतात, हेही बघायला हवं की नाही?

स्वस्त झालं तरी बारीक अक्षरं सुटत नाहीत. मालदीवने २०२५ च्या जानेवारीत ‘ग्रीन टॅक्स’ दुप्पट केला. रिसॉर्टवर माणशी दर रात्री १२ डॉलर, छोट्या गेस्टहाउसमध्ये ६ डॉलर. चौघं, चार रात्री, म्हणजे ९६ डॉलर. २०२५ च्या जुलैपासून पर्यटनावरचा जीएसटी १७ टक्के झाला. त्याशिवाय १० टक्के सेवाशुल्क. खोलीच्या भाड्यापुढे दोन अधिक चिन्हं दिसली, की समजायचं की हे दोन्ही वरून लागणार. १०० डॉलरची खोली अशी जवळपास १२९ डॉलरला पडते. परतीच्या वेळचा विमानतळ कर २०२४ च्या डिसेंबरपासून साध्या वर्गाला ५० डॉलर. तो बहुधा तिकिटातच असतो, पण खात्री करावी. २०२५ च्या डिसेंबरात एका डॉलरला ९० रुपयांच्या वर मोजावे लागले, हे लक्षात ठेवूनच हे सगळे गुणाकार करायचे.

हंगामाचं गणितही आपल्या बाजूचं आहे. तिथला भरगर्दीचा काळ नाताळ ते एप्रिल. तेव्हा भाव चढे, आणि नाताळ-नववर्षाची जेवणं अनेक रिसॉर्टमध्ये सक्तीची. आपल्या मुलांना सुट्टी असते मे महिन्यात आणि दिवाळीत. मेमध्ये तिथे पावसाळा लागतो, समुद्र कधी खवळतो, पण भाव उतरतात. दिवाळीच्या सुमारास पाऊस सरत आलेला असतो. पंधरा दिवस इकडे-तिकडे करून काय फरक पडतो, हे बुकिंगआधी दोन-तीन तारखा टाकून पाहावं.

परदेशी सहलीचं पॅकेज घेतलं, तर कंपनी ‘टीसीएस’ नावाची रक्कमही घेते. २०२३ च्या ऑक्टोबरपासून ७ लाखांच्या वरच्या रकमेला तो २० टक्के झाला, २०२५ च्या एप्रिलमध्ये ही मर्यादा १० लाखांवर गेली आणि २०२६ च्या अर्थसंकल्पात पॅकेजसाठी सरसकट २ टक्के दर जाहीर झाला. हे पैसे बुडत नाहीत. ज्याच्या पॅनवर बुकिंग, त्याच्या नावे ते जमा होतात आणि रिटर्न भरलं की करातून वजा होतात किंवा परत मिळतात. बुकिंग गृहिणीच्या पॅनवर केलं आणि तिने रिटर्नच भरलं नाही, तर ते अडकून पडतात. म्हणून कुणाच्या नावावर बुकिंग करायचं, हे आधी ठरवा.

परदेशाचं सोडा, देशातही एक आकडा पाठ करून ठेवण्यासारखा आहे, ७,५००. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ ऐवजी ५ टक्के झाला. त्याच्या वर मात्र १८ टक्केच. ७,५०० ची खोली कर धरून ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची खोली ८,९६८ ला! भाड्यात फरक शंभराचा, बिलात हजाराच्या वर. तीन रात्रींचे ३,२७९ रुपये. जेवणाचंही तसंच. ज्या हॉटेलात आदल्या आर्थिक वर्षात एखादी खोलीसुद्धा ७,५०० च्या वर गेली असेल, तिथल्या रेस्टॉरंटचा कर १८ टक्के, बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के. नाश्ता हॉटेलात आणि जेवण बाहेर, हा आपला जुना शिरस्ता आता कायद्यानेही फायद्याचा ठरवलाय.

या सगळ्यातून मला दिसतं ते असं. महागड्या सहलीत आपण जागेचे पैसे थोडे देतो आणि तिच्याभोवतीच्या कुंपणाचे जास्त देतो. समुद्र, डोंगर, चांदणं यांना भाडं नाही. कुंपणाबाहेर राहिलं, की तीच जागा मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात येते. पण एक पथ्य पाळायचं. स्वस्तात पडावं म्हणून जिथे बाईलाच चहा-खिचडी करावी लागेल, अशी खोली घ्यायची नाही. बाकी कुठेही काटछाट करा, तिच्या आयत्या ताटात नको.

बहुतेक घरांत सहल कुठे न्यायची, हे नवरा आणि मुलं ठरवतात, आणि ती कशी बसवायची, हे बाईवर सोडलं जातं. हे उलटं व्हायला हवं. बुकिंग करण्याआधी वही घेऊन घरच्या सगळ्यांसमोर बसा. विमानतळापासून खोलीपर्यंत किती लागतात? खोलीवर कर किती? जेवण कितीचं? रद्द केलं तर किती परत मिळतील? चारही उत्तरं कंपनीकडून लेखी घ्या. बेरीज साठवलेल्या पैशांत बसली, तर खुशाल जा. नाही बसली, तर सहा महिने थांबा आणि तेवढ्यात एक छोटं रिकरिंग सुरू करा. फक्त या खेपेला ते मोडायचं कधी, हे तुम्ही ठरवा.