सहलीच्या खर्चाचा भागाकार

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचे विमान सुरू झाले. पुढे ५ जूनला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा उरलेला टप्पा खुला झाला आणि नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. दोन महिन्यांच्या आत वऱ्हाडातल्या मध्यमवर्गीय घरांपुढे एक नवा प्रश्न आला: सुट्टीत चौघांनी निघायचे, तर गाडी काढायची की विमानाने जायचे? बहुतेक घरांत याचे उत्तर पेट्रोलचे पैसे आणि तिकिटांचे पैसे शेजारी मांडून काढले जाते. माझ्या मते हा हिशेब अर्धाच राहतो. खर्चाची बेरीज झाली की तिला आधी माणसांनी भागावे, आणि लांबचा प्रवास असेल तर मुक्कामाच्या दिवसांनीही भागावे. हे दोन भागाकार केले, तर पुष्कळ घरांचे ठरलेले बेत बदलतील.

आधी माणसांचा भागाकार. अमरावतीहून समृद्धीमार्गे मुंबई साधारण साडेसहाशे किलोमीटर पडते. महामार्गाच्या वेगाला लिटरमागे सोळा किलोमीटर धरले आणि पेट्रोल १०५ रुपयांच्या घरात धरले, तर सव्वाचार हजारांचे इंधन लागते. १ एप्रिल २०२५ पासून समृद्धीवर कारला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे टोल आहे. त्याचे अकराशेच्या पुढे होतात. राष्ट्रीय महामार्गांसाठी केंद्राने २०२५ मध्ये तीन हजार रुपयांचा वार्षिक फास्टॅग पास काढला, पण समृद्धी राज्याची असल्याने तो इथे चालत नाही, हे अनेकांना टोलनाक्यावरच कळते. टायर, ऑइल, सर्व्हिसिंग यांची झीज बहुतेक जण मोजतच नाहीत. ती किलोमीटरमागे अडीच रुपये धरली तरी सोळाशे रुपये झाले. म्हणजे एका बाजूचे सात हजार. गाडीत दोघेच असतील तर माणशी साडेतीन हजार पडतात, तिघांना तेवीसशेच्या वर, चौघांना साडेसतराशे. विमानाचे तिकीट माणशी अडीच हजारांना मिळाले असे समजा. नवरा-बायको दोघेच असतील तर त्यांनी खुशाल विमानाने जावे. तिघांचे जवळपास सारखेच पडते. चौथे माणूस आले की पारडे गाडीकडे झुकते आणि पाचव्याला तर गाडीत जवळजवळ फुकटच जागा असते. विमानात मात्र दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाही स्वतंत्र जागा आणि जवळपास मोठ्यांइतकेच भाडे लागते.

गाडीचा हा फायदा केवळ पैशांचा नाही. डिकीत पाण्याचा वीस लिटरचा कॅन, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आजीची औषधांची पिशवी, लेकराचे अंथरूण एवढे सामान घेऊन वऱ्हाडी कुटुंब निघते. देशांतर्गत विमानात स्वस्त तिकिटावर माणशी पंधरा किलोच्या आसपास सामान चालते आणि त्यावर किलोमागे पैसे मोजावे लागतात. शिवाय पोहोचल्यावर फिरायला गाडी दारात उभी असते. चिखलदरा अमरावतीहून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर आणि पचमढीही सकाळी निघून दुपारपर्यंत गाठता येते. अशा ठिकाणांसाठी विमानाचा विचार करण्याचे कारणच नाही.

आता दुसरा भागाकार. घोळ खरा इथे होतो. अमरावतीहून गोवा साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास आहे. वरच्याच दराने इंधन, झीज, टोल आणि वाटेतल्या एका रात्रीची खोली धरली, तर एका बाजूचे बारा हजार आणि येऊन-जाऊन चोवीस हजार होतात. नागपूरहून विमानाने माणशी चार हजारांचे तिकीट मिळाले, तर चौघांचे जाऊन-येऊन बत्तीस हजार. त्यात नागपूरपर्यंतची गाडी, पार्किंग आणि गोव्यातली टॅक्सी धरली की चाळीस हजारांवर जाते. सोळा हजारांची बचत दिसते आणि गाडी निघते. पण नोकरदाराची रजा सहा दिवसांची असेल तर दोन दिवस जाण्यात, दोन येण्यात संपतात. समुद्रावर दोनच दिवस मिळतात आणि त्या प्रत्येक दिवसासाठी प्रवासावर बारा हजार खर्च झालेला असतो. विमानाने किमान चार पूर्ण दिवस हाती येतात, दिवसाला दहा हजार पडतात. जास्तीच्या दोन दिवसांचा खोलीचा आणि जेवणाचा खर्च वेगळा येतो हे खरे. पण सहल म्हणतात ती त्याच दिवसांना. रजा दहा दिवसांची असेल तर हेच गणित पुन्हा गाडीच्या बाजूने फिरते. म्हणून घरात पहिला प्रश्न रजा किती, हा असावा.

यावर अमरावतीकर म्हणतील, आता आपल्याकडेच विमान आहे, नागपूरला कशाला जायचे? बेलोऱ्याची सेवा सुरू झाली ती ७२ आसनी एटीआर विमानाने, आठवड्यातून तीन दिवस, फक्त मुंबईसाठी. मुंबईत कामासाठी जाणाऱ्याला, उपचारासाठी नेल्या जाणाऱ्या रुग्णाला तिचे मोल मोठे आहे आणि ती टिकावी, वाढावी असे मला मनापासून वाटते. सहलीला जाणाऱ्या कुटुंबाला मात्र मुंबईत उतरून पुढचे विमान धरावे लागते, म्हणजे माणशी दुसरे तिकीट. अकोल्याचे दुखणे याहून जुने आहे. शिवणी विमानतळाच्या धावपट्टीचा विस्तार वर्षानुवर्षे रखडला आहे. त्यामुळे अकोल्याच्या माणसाला गोव्यासारख्या पश्चिमेकडच्या ठिकाणी थेट उडण्यासाठी आधी अडीचशे किलोमीटर पूर्वेला, नागपूरला जावे लागते. पाच तास त्यातच जातात आणि विमानाने वाचवलेला वेळ निम्मा तिथेच खर्ची पडतो. छत्रपती संभाजीनगरचे विमानतळही अकोल्याला काही जवळ नाही.

गाडीने जाण्यावरचा सुरक्षिततेचा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. समृद्धीवर कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, रस्ता सरळ आणि एकसुरी आहे, आणि मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर असताना झिजलेले टायर घेऊन त्या काँक्रीटवर जाणे म्हणजे घरच्यांचा जीव टांगणीला लावणे आहे. १ जुलै २०२३ ला याच महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला खासगी बस पेटून २५ जण गेले, तेव्हा रात्रीचा दीड वाजत होता. घरात गाडी चालवणारा एकटाच असतो. तो ऑफिसातून संध्याकाळी येतो, जेवतो आणि ‘रात्री रस्ता मोकळा मिळतो’ म्हणून निघतो. हे थांबले पाहिजे. पहाटे निघून दिवस मावळायच्या आत जेवढे अंतर होते तेवढ्यासाठीच गाडी काढावी: समृद्धीवर सहाशे किलोमीटर, इतरत्र चारशे. त्यापलीकडे वाटेतला मुक्काम खर्चात धरूनच हिशेब करावा. हा मुक्काम वाचवून स्वस्त झालेली सहल मला स्वस्त वाटत नाही.

तेवढ्या अंतरापलीकडे गाडी नको आणि विमान परवडत नाही, तर काय करायचे? वऱ्हाडाला याचे उत्तर १८६७ पासून मिळालेले आहे. कापसासाठी टाकलेला भुसावळ-नागपूर लोहमार्ग आज हावडा-मुंबईचा मुख्य मार्ग आहे. बडनेरा आणि अकोला त्यावर आहेत, आणि अकोल्याहून पूर्णेमार्गे दक्षिणेकडची वाटही निघते. रात्री बसून सकाळी उतरले की रजेतला एकही दिवस मोडत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही, आणि अमरावती-मुंबई चौघांचे स्लीपरने जाऊन-येऊन गाडीच्या एका बाजूच्या पेट्रोलपेक्षा कमीत होते. उतरल्यावर तिथेच दोन दिवस टॅक्सी केली तरी खिसा सांभाळला जातो. माणसांनी भागा की दिवसांनी, एवढे स्वस्त दुसरे काही निघत नाही.

अडचण आरक्षणाची आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निघायचे तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिकीट काढावे लागते. तेव्हा शाळेचे वार्षिक परीक्षेचे वेळापत्रक पुष्कळदा हातात नसते आणि ऑफिसात रजेचा अर्ज टेबलावर पडून असतो. मग वेटिंगचा आकडा बघून लोक नाइलाजाने हजार किलोमीटरसाठी गाडी काढतात. शाळांनी परीक्षेच्या तारखा फेब्रुवारीअखेर सांगाव्यात, ऑफिसांनी उन्हाळी रजा तेव्हाच मंजूर कराव्यात आणि सुट्टीतल्या विशेष गाड्या रेल्वेने आठवडाभर आधी जाहीर करण्याऐवजी दोन महिने आधी जाहीर कराव्यात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्याकडे उघडतात, उर्वरित महाराष्ट्रातल्या त्याआधीच भरलेल्या असतात. ज्यांना मे महिन्याची तिकिटे मिळाली नाहीत त्यांनी मधले ते आठ-दहा दिवस पाहावेत.