मेंढपाळ एकटा पडू नये

२०१९ मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली. ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून त्यांना विरोध झाला, धमक्याही आल्या; साहित्य महामंडळ मात्र ठाम राहिले. जानेवारी २०२० मध्ये पाठीचे दुखणे सोसून फादर आमच्या सोलापूरशेजारच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, बोलले. २५ जुलै २०२४ रोजी ते ख्रिस्तवासी झाले, तेव्हा श्रद्धांजलीस शब्द कमी पडले नाहीत.

परंतु पुढाऱ्यास सोबत हवी असते ती विरोधाच्या दिवशी. शुक्रवार पेठेतील आम्हां भाविकांनी आपल्या धर्मगुरूंसाठी, धर्मशिक्षकांसाठी प्रार्थना करावीच. त्यांच्यावर आळ आल्यास आधी सत्य जाणून घ्यावे आणि ते निर्दोष असल्यास सनदशीर मार्गाने, उघडपणे त्यांच्या पाठीशी उभे राहावे. ही व्यक्तिपूजा नव्हे. हे आपले कर्तव्य होय.