गुप्ती आणि शिरस्त्राण

'स्वसंरक्षण' म्हटले की, वाचकहो, आपल्या डोळ्यांपुढे प्रथम कोण उभा राहतो? अंधाऱ्या बोळाच्या तोंडाशी दबा धरून बसलेला एक आडदांड इसम! जुन्या पिढीतले काही गृहस्थ त्याच्यासाठी काठीत गुप्ती दडवीत. आता गुप्ती गेली, मिरपुडीचा फवारा आला. इसम मात्र तोच आहे.

आमच्या कॉलेजात गणित शिकविणारे एक स्नेही आहेत. त्यांची कन्या पुण्यास नोकरीला निघाली, तेव्हा त्यांनी तिच्यासाठी फवारा, कर्णकर्कश ओरडणारी विजेची शिट्टी आणि चाव्यांच्या जुडग्यात बसणारी एक अणकुचीदार वस्तू, असे सारे शस्त्रागारच आणले.

"कामावर जाणार कशी?" मी विचारले.

"स्कूटरवर."

"आणि शिरस्त्राण?" (हा शब्द आम्हां मराठीवाल्यांचा. त्यांना 'हेल्मेट' असे समजावून द्यावे लागले.)

"केस बिघडतात म्हणते हो!"

गणिताच्या माणसाने हे उत्तर द्यावे, याचे मला नवल वाटले. सरकारी दप्तरातले 2022 सालचे आकडेच पाहा ना. त्या वर्षी देशात खुनाचे 28,522 गुन्हे नोंदले गेले. रस्त्यावरील अपघातांत माणसे गेली 1,68,491. म्हणजे जवळजवळ सहापट. त्यांतल्या 50,029 दुचाकीस्वारांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. आणि त्या खुनांतही भांडणतंट्यापायी झालेले 9,962, तर लुटीसारख्या लाभासाठी झालेले 1,884. बोळातल्या इसमाच्या वाट्याला फार थोडे येतात!

खेड्यातही प्रकार तोच. चोराच्या भयाने उशाशी कुऱ्हाड ठेवायची, आणि रात्री पिकाला पाणी द्यायला जायचे ते अनवाणी, हातात बॅटरीसुद्धा न घेता. 2000 ते 2019 या काळात आपल्या देशात सर्पदंशाने दरसाल सरासरी 58,000 माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांतली मण्यार तर मोठी कपटी. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते आणि पुष्कळदा त्याला धड वेदनाही होत नाही. अंथरुणाखाली चहूबाजूंनी नीट खोचलेली मच्छरदाणी तिला अडविते. पण मच्छरदाणीला शस्त्र कोण म्हणणार?

माझे हे व्याख्यान रंगात आले असता वहिनी मध्येच म्हणाल्या, "भावोजी, तुमच्या त्या खुनांच्या आकड्यांत बसमधला धक्का येतो का? रात्री मागे मागे येणारी मोटरसायकल येते का?"

येत नाही. चौकीपर्यंत न गेलेली गोष्ट दप्तरात कशी यायची? फवारा पर्समध्ये आहे, एवढ्या धीरावर मुलगी रात्रपाळी पत्करीत असेल, तर त्याचे पैसे वसूल झाले, हे मला मान्य करावेच लागले. तेव्हा फवारा तिने खुशाल न्यावा. त्यावर मुदतीची तारीख असते, ती पाहावी. आणि वारा समोरून असताना तो उडवू नये, नाहीतर तिखट आपल्याच डोळ्यांत! मात्र जोडीला आयएसआय शिक्क्याचे हेल्मेटही न्यावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली अडकवावा. पट्टा मोकळा सोडलेले हेल्मेट पहिल्याच आपटीत डोक्यावरून निघून जाते.

स्नेह्यांनी हे सारे वहीत टिपून घेतले. मग मी त्यांना, "तुम्ही रक्तदाब शेवटचा कधी मोजून घेतलात?" असे विचारले, तेव्हा कन्येच्या गाडीची वेळ झाली म्हणून ते घाईघाईने उठले.