मुलाखत बिघडली, पुढे काय?

नोकरीच्या शोधात असणाऱ्या तरुणांना उपदेश करणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वानवा नव्हती. मुलाखतीला जाताना इस्त्रीचे कपडे घालावेत, खुर्चीत ताठ बसावे, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलावे, हे सांगणारी पुस्तके एस. टी. स्टँडवरच्या स्टॉलवरही मिळतात. पण हे सर्व करूनही मुलाखत बिघडली, तर त्या संध्याकाळी कोणत्या तोंडाने घरी जावे, हे मात्र कोणी सांगत नाही. वर्गात या विषयाची कुजबूज होते, कँटीनमध्ये थट्टा होते. उघडपणे मात्र कोणी बोलत नाही. म्हणून त्यावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या शिकलेल्या आहेत, त्यांनाही अपयशाचे दुःख होतच असणार. पण ज्याच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा तो पहिलाच, त्याच्या दुःखाची जात थोडी वेगळी असते. तो मुलाखतीला एकटा जात नाही. वडिलांनी घेतलेली उचल, आईने मोडलेली भिशी, धाकट्या भावाने पुढे ढकललेली सायकल, हे सारे त्याच्याबरोबर त्या खोलीत शिरते. आणि तो हात हलवीत बाहेर आला की हे सारे त्याच्याबरोबरच परत फिरते. त्यातून ती मुलगी असेल, तर आठ दिवसांच्या आत कोणी तरी नातेवाईक दारात येऊन म्हणतो, "शिकून काय दिवा लावला? आता स्थळं बघा." मुलाच्या बाबतीत एक नोकरी हुकते. मुलीच्या बाबतीत कधी कधी पुढची दोन वर्षेच हुकतात.

मी हे ऐकीव सांगत नाही. गेल्या वर्षी एका पतसंस्थेत अर्धवेळ लिपिकाच्या दोन जागांसाठी मी मुलाखतीला गेले होते. सकाळी कॉलेज आणि दुपारी काम, असा माझा हिशेब होता. दोन जागांसाठी आम्ही बेचाळीस जण व्हरांड्यात बसलो होतो. अकराची वेळ दिली होती, माझे नाव चार वाजता पुकारले. पहिला प्रश्न आला, "वडील काय करतात?" दुसरा आला, "संचालकांपैकी कोणाची ओळख?" तिसरा इंग्रजीतून आला, स्वतःविषयी सांगा म्हणून. मी मराठीत सांगू का, असे विचारले. "सांगा" म्हणाले खरे, पण तोवर त्यांनी पुढच्याचा अर्ज उघडला होता. पाच मिनिटांत मी बाहेर होते. हिशेब, व्याज, रोजकीर्द, ज्याची मी पंधरा दिवस तयारी केली होती, त्यातले एक अक्षरही कोणी विचारले नाही.

अशा वेळी भोवतालची माणसे दोन गोष्टी सांगतात. पहिली म्हणजे "प्रयत्नांती परमेश्वर". ही म्हण खोटी नाही, परंतु अर्धी आहे. दोन जागा आणि बेचाळीस उमेदवार असतील, तर प्रत्येकाने जिवाचे रान केले तरी चाळीस जण घरी जाणारच. ते चाळीस जण नालायक ठरत नाहीत. जागा दोनच होत्या, एवढेच त्यातून सिद्ध होते. दुसरी गोष्ट म्हणजे थोरामोठ्यांचे दाखले. डॉ. अब्दुल कलाम यांची गोष्ट तर आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. हवाई दलाच्या निवडीसाठी ते डेहराडूनला गेले, पंचवीस उमेदवारांत नववे आले आणि जागा होत्या आठ. गोष्ट खरी आहे आणि ती ऐकून उभारीही येते. पण त्या गोष्टीचा शेवट आपल्याला ठाऊक असतो, म्हणून ती गोड लागते. आपल्यातले बहुतेक जण राष्ट्रपती होणार नाहीत. साधी कारकुनी, मास्तरकी किंवा दुकानदारी करून ती माणसे सन्मानाने जगतील. त्यांच्या निराशेला ती पुढे कोणी तरी मोठी होतील म्हणूनच किंमत द्यायची काय?

मुलाखत नेमके काय मोजते, याचाही शांतपणे विचार केला पाहिजे. एखाद्याचा स्वभाव, कष्टाळूपणा, प्रामाणिकपणा पाच-दहा मिनिटांत कळतो, असे छातीठोकपणे कोण म्हणेल? आपल्या सर्वोच्च न्यायालयालाही हा प्रश्न पडला होता. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाचा खटला 'अजय हसिया' या नावाने प्रसिद्ध आहे. तिथे १५० पैकी ५० गुण मुलाखतीला ठेवले होते. मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपली आणि विचारले काय, तर घराण्याविषयी आणि राहण्याच्या ठिकाणाविषयी, अशी अर्जदारांची तक्रार होती. अशा प्रवेशात मुलाखतीला पंधरा टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानीचे ठरेल, असे न्यायालयाने त्या निकालात म्हटले. पुढे १९८५ मध्ये हरियाणातील सरकारी सेवांच्या निवडीबाबतही मुलाखतीचे वजन फार असल्याचे न्यायालयाने सांगितले. आणि १ जानेवारी २०१६ पासून तर केंद्र सरकारने 'क' गटातील आणि 'ब' गटातील अराजपत्रित पदांच्या भरतीतून मुलाखतच काढून टाकली. ज्या कसोटीविषयी न्यायमूर्तींना आणि सरकारलाही इतकी शंका वाटली, त्या कसोटीवर आपण आपली सारी लायकी तोलून घ्यावी, हे मला पटत नाही.

याचा अर्थ मुलाखती टाकाऊ आहेत आणि तयारी व्यर्थ आहे, असा कोणी घेऊ नये. लोकसेवा आयोगाच्या मोठ्या परीक्षांत ती आहेच आणि खासगी नोकरीत तर तिच्यावाचून दारच उघडत नाही. माझे म्हणणे एवढेच, की मुलाखतीचा निकाल हा त्या खोलीचा, त्या दिवसाचा आणि त्या जागांचा निकाल असतो. तो माणसाचा निकाल नव्हे.

हे मला पुस्तकांपेक्षा माझ्या घराने अधिक स्पष्टपणे शिकवले. माझे वडील मार्केट यार्डात हमाल आहेत. एखाद्या दिवशी मालाची गाडीच येत नाही. दिवसभर बसून ते रिकाम्या हाताने परत येतात. पण त्या दिवशी त्यांना कोणी नालायक म्हणत नाही आणि ते स्वतःही तसे समजत नाहीत. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात होती. मुकादमाने नाव विचारले आणि पाटी हातात दिली, एवढीच तिची मुलाखत. पुढे १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला आणि खेड्यातल्या माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले तर ते पुरवणे ही सरकारची जबाबदारी ठरली. माझी हकीकत ऐकून आजी म्हणाली, "एवढा येळ बसवून ठेवलं आन् बापाचं काम इचारलं व्हय गं?" त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. काम मिळणे न मिळणे आणि माणसाची लायकी, या दोन गोष्टी तिने कधी एकत्र केल्याच नव्हत्या. ती गाठ आपण शिकलेल्यांनीच मारून घेतली आहे.

मग मुलाखत बिघडल्यावर करावे काय? पहिली गोष्ट, वाईट वाटू द्यावे. रडू आले तर रडावे, त्यात कमीपणा नाही. दुसरी गोष्ट, घरी खरे सांगावे. "निकाल लागायचा आहे" असे सांगून पंधरा-पंधरा दिवस ढकलणारे मित्र मी पाहिले आहेत. त्या पंधरा दिवसांत त्यांना अन्न गोड लागत नाही. मी घरी सगळे सांगितले तेव्हा वडील एवढेच म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. जेवून घे." ज्यांच्या अपेक्षांचे ओझे आपण वाहतो, ती माणसे आपण समजतो त्यापेक्षा अधिक सोसलेली असतात. नकार त्यांना नवा नसतो.

तिसरी गोष्ट, दुसऱ्या दिवशी डोके थंड झाले की वही काढावी आणि मधोमध रेघ मारावी. डाव्या बाजूला जे शिकता येण्यासारखे आहे ते लिहावे: संगणकावरचा हिशेब, इंग्रजीतून स्वतःविषयी चार वाक्ये, त्या संस्थेची माहिती. उजव्या बाजूला जे आपल्या हातात नव्हते ते लिहावे: जागांची संख्या, ओळखीचा प्रश्न, वडिलांचा व्यवसाय. डाव्या बाजूवर उद्यापासून मेहनत करावी. उजव्या बाजूबद्दल चीड आली तर येऊ द्यावी, पण लाज वाटून घेऊ नये.

आता चौथी गोष्ट, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची. ही वही एकट्याची राहू नये. बँकेतल्या साहेबाच्या मुलाला मुलाखतीत काय विचारतात हे जेवणाच्या पाटावरच कळते. त्याचे वडील त्या टेबलाच्या पलीकडे बसलेले असतात. आपल्या घरांत त्या टेबलाच्या अलीकडेही आजवर कोणी बसलेले नाही. मग आपल्याला सांगणार कोण? आपणच एकमेकांना सांगायला हवे. म्हणून प्राध्यापकांना माझी विनंती आहे, की आपल्या ग्रंथालयात मुलाखतींची एक वही ठेवावी. जो विद्यार्थी मुलाखत देऊन येईल त्याने तिच्यात काय विचारले, काय उत्तर दिले, किती वेळ बसावे लागले, हे लिहावे. नाव घालायचे नसेल तर घालू नये. महिन्यातून एखाद्या शनिवारी सरांनी किंवा मॅडमनी टेबलाच्या पलीकडे बसावे आणि आमची खोटी मुलाखत घ्यावी, आधी मराठीतून, मग इंग्रजीतून. याला फार खर्च नाही. एक शंभर पानी वही आणि एक तास पुरे.

मित्र-मैत्रिणींनो, अपयश खिशात दडवले की त्याची लाज होते. चौघांत सांगितले की त्याची माहिती होते. त्या दिवशी व्हरांड्यात आम्ही बेचाळीस जण पाच तास शेजारी शेजारी बसलो होतो आणि कोणी कोणाशी फारसे बोलले नाही, कारण प्रत्येकाला दुसरा आपला प्रतिस्पर्धी वाटत होता. यापुढे आपल्या कॉलेजचे जे कोणी अशा व्हरांड्यात बसतील, त्यांनी आधी शेजारच्याचे नाव विचारावे आणि परत आल्यावर वहीत लिहावे. पुढच्या वर्षी एफ. वाय.ला येणाऱ्या एखाद्या मुलीला त्यातली दोन पाने जरी उपयोगी पडली, तरी आपल्या बिघडलेल्या मुलाखती अगदीच वाया गेल्या नाहीत, असे म्हणता येईल.