मडके वाजवून घ्यावे

बाजारात मडके आपण वाजवूनच घेतो. मग कॉम्प्युटरवर आलेली अनोळखी फाईल तशीच का उघडावी? मुलांच्या गुणपत्रिका, जातीचे दाखले आमच्याही घरी त्याच यंत्रात आहेत. म्हणून आम्ही अशी फाईल ‘सँडबॉक्स’मध्ये, म्हणजे यंत्रातल्याच वेगळ्या बंद कप्प्यात उघडतो. विंडोजच्या प्रो आवृत्तीत २०१९ पासून ही सोय आहे. ती एकदा चालू करून घ्यावी लागते. कप्पा बंद केला की आतले सारे पुसले जाते. होम आवृत्तीवाल्यांना ‘सँडबॉक्सी प्लस’ घरगुती वापरासाठी मोफत मिळते. मात्र कप्प्यात टाईप केलेला पासवर्ड चोरीला जाऊ शकतो. तेव्हा बँकेचे काम तिथे नको, आणि दाखल्यांची एक प्रत पेनड्राईव्हवर वेगळी ठेवाच.